परतीच्या गलबतात काय होतं?

परदेशी व्यापारावर मोठ्या झालेल्या बंदरांची संग्रहालयं जगभर एकमेकांची भावंडं वाटतात. दारातच काचेत डोलकाठ्यांसकट जहाजाची प्रतिकृती. मग भिंतभर नकाशा, त्यावर समुद्र ओलांडणारे जाड बाण. पुढे चिनी मातीच्या बशा, रेशीम, हस्तिदंत, गंजलेला नांगर, एखाद्या धनाढ्य व्यापाऱ्याचं तैलचित्र. शेवटी संस्कृतींच्या संगमाबद्दल एक परिच्छेद, आणि बाहेरचा दरवाजा. पाहणारा खूश होऊन निघतो. त्याने व्यापार सोडून सगळं पाहिलेलं असतं.

देवाण आणि घेवाण मिळून व्यापार होतो. या दालनांत घेवाण दिव्यांखाली झळकते आणि देवाणीचा पत्ताच नसतो. बशा आल्या, पण त्यांची किंमत कशात फेडली? साखर आली, पण त्या बाजूला काय पोचवून आली? सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या बंदर-संग्रहालयाला एक अट घालायला हवी असं आमचं मत आहे: आलेल्या प्रत्येक मालाशेजारी त्याच्या बदल्यात गेलेला माल त्याच कपाटात दिसला पाहिजे. वरच्या मजल्यावरच्या वेगळ्या, गंभीर चेहऱ्याच्या खोलीत नको.

ही मागणी वाटते तेवढी सोपी नाही, कारण संग्रहालयात काय असतं हे बऱ्याच अंशी काय कुजत नाही यावर ठरतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचं उदाहरण घ्या. 1731 मध्ये तिथे स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनी निघाली. तिच्याच जुन्या इमारतीत आज शहराचं संग्रहालय आहे. कंपनीचं 'गोथेबोर्ग' हे जहाज 12 सप्टेंबर 1745 ला चीनमधल्या कँटनहून परतताना अगदी घरच्या बंदराच्या तोंडाशी खडकावर चढून बुडालं. त्यात सुमारे 370 टन चहा आणि सुमारे 100 टन चिनी माती होती असं सांगतात. विसाव्या शतकाच्या अखेरीला पाणबुड्यांनी तळ उकरला तेव्हा साहजिकच खापरं हाती लागली. चिनी माती जड, आणि तिला पाण्याने काही होत नाही, म्हणून ती जहाजाच्या तळाशी भरत. वर कोरड्या जागी चहाच्या पेट्या. खरी कमाई चहाची. तळाला वजन म्हणून सोयीची पडलेली वस्तू आज दालनात मानाच्या जागी बसली आहे, आणि जिच्यासाठी जहाज गेलं ती वस्तू पिऊन संपली किंवा समुद्रात विरघळली.

आणि देवाण? चीनला हवं असं स्वीडनकडे फारसं काही नव्हतं. म्हणून कंपनीची जहाजं आधी स्पेनमधल्या कादिझला जात, तिथे स्वीडिश लोखंड-लाकूड वगैरे विकून स्पॅनिश चांदीची नाणी घेत आणि मग पूर्वेकडे वळत. ती चांदी मेक्सिकोच्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणींतली. म्हणजे गोथेनबर्गमधल्या बशीचा हिशेब अटलांटिकपलीकडच्या डोंगरांत सुरू होतो. बशीशेजारी त्या चांदीचा एक पेसो, म्हणजे स्पॅनिश नाणं, ठेवला आणि तो कुठून आला हे दोन ओळींत लिहिलं, तर दालनाचा अर्थच बदलतो. खर्च जवळजवळ शून्य.

वस्तू उरली नाही म्हणून गोष्ट सांगता येत नाही, ही तक्रार पुरातत्त्ववाल्यांपुढे टिकत नाही. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात एका देवळाच्या आवारात भारतीय बनावटीचा रांजण सापडला, त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. दुसरा पुरावा तर नुसता कागद: व्हिएन्नात जपलेला, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला पपायरस. एका बाजूला मुझिरिसच्या, म्हणजे केरळच्या किनाऱ्याच्या, फेरीसाठी घेतलेल्या कर्जाचा करार; मागच्या बाजूला 'हर्मापोलोन' जहाजावरच्या मालाची यादी, वजनं आणि मूल्य. जटामांसी आणि हस्तिदंत त्यात आहेत. रोमन जकात होती मालाच्या चौथ्या हिश्श्याची. त्या एका फाटक्या पानातून कर्ज कोणत्या अटींवर दिलं आणि सरकारने किती घेतलं हे कळतं. शंभर मडकी एवढं सांगत नाहीत.

आपण काय देऊन बसतो आहोत, हा प्रश्न त्या काळच्या राजकर्त्यांनाही पडत होता, त्यामुळे तो आजचा लादलेला प्रश्न आहे असं कोणी म्हणू नये. नागासाकीचं देजिमा पाहा. 1634 ते 1636 मध्ये समुद्रात भर घालून केलेलं हे पंख्याच्या आकाराचं बेट आधी पोर्तुगीजांसाठी होतं. 1641 पासून तिथे डचांना कोंडलं. नागासाकीच्या ज्या व्यापाऱ्यांनी ते बांधलं, ते डचांकडून वर्षाला 55 कान चांदी भाडं घेत. एक कान पावणेचार किलोचं, म्हणजे दोनशे किलोंहून जास्त चांदी. डच रेशीम, साखर, कातडी, कापड आणत आणि चांदी नेत. 1668 मध्ये त्यांना चांदी न्यायला बंदी झाली, तेव्हा ते तांब्याकडे वळले. शोगुनचा, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाचा, सल्लागार आराई हाकुसेकी याने हिशेब मांडला की साधारण शतकभरात देशातलं पाव सोनं आणि पाऊण चांदी बाहेर गेली. त्यातून 1715 चे निर्बंध आले: डचांना वर्षाला दोनच जहाजं, आणि तांब्यावरही मर्यादा. आज देजिमावरच्या इमारती मेहनतीने पुन्हा उभ्या केल्या आहेत आणि त्या पाहण्यासारख्या आहेत. पण तिथे गेलेल्याने डचांच्या जेवणाच्या टेबलापेक्षा तांब्याच्या कांड्यांपाशी जास्त वेळ काढावा. ते तांबं पुढे सुरतेत आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावर विकलं जाई, आणि त्या पैशातून कापड घेतलं जाई. जपानमध्ये जे संपतं असं वाटतं, ते निम्म्या वाटेत असतं.

सगळ्यात शिकवणारं, आणि संग्रहालयांत सगळ्यात वाईट सांगितलं जाणारं प्रकरण कँटनचं. 1757 नंतर पाश्चात्त्य जहाजांना चीनमध्ये याच बंदरात व्यापार करता येई. ब्रिटनमध्ये 1784 मध्ये चहावरची जकात सुमारे 119 टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आली. चोरटा चहा एका झटक्यात महाग ठरला आणि ब्रिटनच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाला मागणी फुटली. चहाचे पैसे मात्र चांदीत द्यायचे. एवढी चांदी आणायची कुठून?

त्याचं उत्तर एकाच वहीत शोधलं तर कधीच मिळत नाही. बंगालमध्ये अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे. ती अफू कलकत्त्याच्या लिलावात विकून कंपनी मोकळी होई. खासगी व्यापारी ती आपल्या जहाजांतून नेत. एक पेटी साधारण साठ-पासष्ट किलोंची. ही जहाजं कँटनला अफू उतरवतच नसत. नदीच्या मुखाशी लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांवर, तरंगत्या गोदामांतच म्हणा, ती चढवत. तिथून चिनी तस्कर वेगवान होड्यांनी चांदी मोजून माल उचलत. व्यापारी ती चांदी कँटनमध्ये कंपनीच्या खजिन्यात भरत आणि लंडनवरची किंवा कलकत्त्यावरची हुंडी घेत. कंपनी त्याच चांदीने चहा विकत घेई. पाहा, कंपनीच्या कँटनच्या वहीत अफूचा ठिपकाही नाही! तिथे चांदी जमा, चहा खर्च, सगळं स्वच्छ.

मुंबईची वाट वेगळी. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिके, तिथे कंपनीचा मक्ता चालत नसे. म्हणून मुंबईपर्यंत यायचा परवाना द्यायचा आणि पेटीमागे रक्कम घ्यायची, ही युक्ती 1830 च्या सुमाराला निघाली. चुकवायची वाट कराचीवरून होती. 1843 मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती पडल्यावर ती बंद झाली आणि परवान्याचा दर चढत गेला. भूगोल आणि जकात यांचं नातं याहून स्पष्ट करणारा नकाशा मिळणं कठीण. या व्यापारात मोठे झालेले सर जमशेटजी जीजीभाई यांचं नाव रुग्णालयावर आणि कला महाविद्यालयावर आहे. ते नाव पुसायचं कारण नाही. पैसा कुठून आला हे त्याच ठिकाणी न लिहिण्याचंही कारण नाही.

1839 मध्ये लिन झेश्यू या चिनी अधिकाऱ्याने कँटनजवळच्या हुमेनला अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या. ब्रिटनशी युद्ध झालं. 1842 च्या नानकिंगच्या तहात चीनवर 2 कोटी 10 लाख डॉलर बसले, त्यातले 60 लाख त्या अफूची भरपाई म्हणून. पाच बंदरं खुली झाली. 'अमुक साली आमचं बंदर जगासाठी खुलं झालं' हे वाक्य पाटीवर दिसलं की लगेच विचारावं: कोणी उघडलं, आणि किल्ली काय होती?

आता त्या भिंतीवरच्या बाणांबद्दल. अटलांटिक व्यापाराचा त्रिकोण सगळ्यांना पाठ असतो: इंग्लंडहून वस्तू आफ्रिकेला, तिथून माणसं वेस्ट इंडिजला, तिथून साखर इंग्लंडला. शाळेसाठी ठीक आहे, पण चित्र फसवं आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गुलामांची जहाजं पुष्कळदा थोडाच माल आणि पुढल्या मुदतीच्या हुंड्या घेऊन परतत. साखरेचा मोठा भाग वेस्ट इंडिज आणि इंग्लंड यांच्यात सरळ ये-जा करणाऱ्या वेगळ्या, पोट मोठ्या असलेल्या जहाजांतून येई. तिसरी बाजू निम्मी कागदाची होती. शिवाय पहिली बाजूही निव्वळ इंग्रजी नव्हती. आफ्रिकेला जाणाऱ्या मालात गुजरात आणि कोरोमंडलच्या सुती कापडाचा वाटा मोठा होता. कवड्या मालदीवहून बंगालमार्गे, जहाजाच्या तळाला वजन म्हणून युरोपात येत आणि तिथल्या लिलावातून पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून जात. लिव्हरपूल किंवा ब्रिस्टलच्या दालनात भारतीय कापडाचा तुकडा आणि मूठभर कवड्या नसतील, तर तो त्रिकोण अपुरा आहे. लिव्हरपूलच्याच मालकांच्या 'झाँग' जहाजावरून 1781 मध्ये 130 हून अधिक माणसं जिवंत समुद्रात फेकली आणि विम्याचा दावा लावला, माणशी 30 पौंड. खटला चालला तो विम्याचा, खुनाचा नव्हे. हिशेबाची वही दाखवायची कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही नोंद वाचावी.

'आकड्यांनी लोक कंटाळतात' हा क्युरेटर मंडळींचा ठरलेला आक्षेप. वाईट मांडले तर कंटाळतात, खरं आहे. पण योकोहामाचा सोन्याचा खेळ मांडून पाहा. 1859 मध्ये बंदर खुलं झालं तेव्हा करार असा की परदेशी नाणी वजनाला वजन या हिशेबाने जपानी नाण्यांशी बदलून मिळतील. एका मेक्सिकन डॉलरला चांदीचे सुमारे तीन इचिबू. जपानमध्ये चार इचिबूंना सोन्याचा एक कोबान. आणि तो कोबान शांघायला सुमारे चार डॉलरला खपे, कारण जपानमध्ये सोनं चांदीच्या पाचपट होतं आणि बाहेर पंधरापट. चार डॉलर घेऊन उतरा: बारा इचिबू, तीन कोबान, शांघायला बारा डॉलर. टेबलावर तीन वाट्या आणि खोटी नाणी ठेवा, दहा वर्षांचं पोर दोन मिनिटांत हा नफा मिळवतं आणि तिसऱ्या फेरीला विचारतं, 'मग त्यांच्याकडचं सोनं संपलं नाही का?' संपू लागलंच. 1860 मध्ये सरकारने कोबानमधलं सोनं जवळपास एक तृतीयांशावर आणलं, आणि देशातले भाव भडकले.

अर्थात वही म्हणजे देववाणी नाही. लिंटिनची अफू कुठल्याच जकात वहीत नाही, आणि 1784 पूर्वीच्या ब्रिटनमधला चोरटा चहाही नाही. इंग्लंडमध्ये 1696 पासून आयात-निर्यातीची पद्धतशीर नोंद होऊ लागली, पण मूल्यं एकदा ठरवलेल्या दरांनी लिहीत आणि ते दर पुढे शतकभर जवळजवळ तसेच राहिले. त्यावरून काढलेला आलेख मालाचं प्रमाण दाखवतो, बाजारातली किंमत नाही. संग्रहालयात तो सर्रास 'व्यापाराचं मूल्य' म्हणून लावलेला दिसतो. खोटं बोलणं रोखायची सगळ्यात चतुर तरतूद डेन्मार्कच्या राजाची. एल्सिनोरच्या सामुद्रधुनीत जहाजांवर कर घेत. त्याच्या नोंदवह्या 1497 पासून 1857 पर्यंतच्या आहेत, मधल्या थोड्या खंडांसह. कप्तानाने मालाची किंमत स्वतःच सांगायची, पण सांगितलेल्या किमतीला तो माल विकत घ्यायचा हक्क राजाकडे. कमी सांगाल तर माल जाईल.

चुका बहुतेक वजनांत आणि पैशांत होतात. मण म्हटलं की मण नसतो: मुंबईचा 28 पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोंच्याही आतला, पुढे बंगालमध्ये प्रमाण मानलेला सवासदतीस किलोंचा. तिपटीचा फरक. पूर्वेकडचा पिकुल साठ किलोंच्या आसपास, त्यात शंभर कॅटी. पाटीवर नुसतं 'पाचशे मण' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. आणि जुन्या रकमेचं 'आजच्या पैशांत अमुक कोटी' असं रूपांतर करू नये. कुठला निर्देशांक धरला यावर उत्तर दहापट बदलतं. त्याच बंदरातल्या हमालाची त्या काळची रोजची मजुरी नोंदींत मिळत असेल, तर ती शेजारी लिहावी. वाचणारा गुणाकार करतो.

मग पाटी कशी असावी? पाच ओळी पुरतात. वस्तू आणि तिचा उगम. त्या काळचं वजन आणि किलो. उगमाच्या ठिकाणची किंमत आणि या बंदरातली किंमत. बदल्यात काय गेलं, कुठून मिळवलेलं. आणि वाहून कोणी नेलं, कोणत्या अटीवर. एखादी ओळ माहीत नसेल तर ती गाळू नये, मोकळी ठेवून 'नोंद सापडलेली नाही' असं छापावं. सलग दहा पाट्यांवर चौथी ओळच रिकामी दिसली तर तेही काहीतरी सांगतं.

मूळ वही उघडी ठेवायला मर्यादा आहेत. कागद आणि कापडाला साधारण 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, म्हणजे मंद प्रकाश. शाई फिकी, लिपी अगम्य, आणि दिसतात फक्त दोन पानं. म्हणून मूळ वही मंद उजेडात ठेवून पान दर काही महिन्यांनी उलटावं, आणि शेजारी हाताळता येणारी प्रत, समोरच्या पानावर आजच्या लिपीत उतारा. बहुतेक संग्रहालयं मूळ ठेवतात आणि उतारा विसरतात. मग ती वही पाहणाऱ्यासाठी नुसती शोभेची.

'यातून शहराची बदनामी होते' हा राजकीय आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. बदनामीची भीती असलेल्या शहरांत वाद पुतळ्यांवरच होतात. 2020 च्या जूनमध्ये ब्रिस्टलमध्ये गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या कोल्स्टनचा पुतळा बंदरात ढकलला. पुढच्या वर्षी तो तिथल्या संग्रहालयात आडवा मांडला. 2020 च्या त्याच जूनमध्ये लंडनच्या डॉकलँड्स संग्रहालयासमोरून मिलिगन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा हलवला. आम्हाला दोन्ही गोष्टी गैर वाटत नाहीत, पण पुतळा आडवा केला की विषय मिटला असं वाटू लागतं. एका माणसावर सगळा हिशेब टाकणं सोयीचं असतं. वहीत मात्र विमा उतरवणारे, दोर वळणारे, बिस्किटं भाजणारे, भागीदारीत दहा पौंड घालणारे अशी निम्मी वस्ती सापडते. डॉकलँड्सचं संग्रहालय ज्या गोदामात आहे ते 1802 मध्ये वेस्ट इंडिजच्या साखरेसाठी उघडलेल्या गोदीचंच. तिची सहा मीटर उंचीची भिंत चोरी रोखायला बांधली होती. ही इमारत हीच त्या जागेची सगळ्यात मोठी वस्तू आहे, हे पाहुण्याने आत शिरण्याआधी बाहेरून एक फेरी मारून पाहावं. योकोहामाच्या इतिहासाचं दप्तर तर जुन्या ब्रिटिश वकिलातीच्या इमारतीत आहे.

पाहणाऱ्याने काय करावं? आधी तराजू-वजनांचं कपाट शोधावं, ते बहुधा कोपऱ्यात किंवा जिन्याखाली असतं. एककांचा तक्ता असेल तर त्याचा फोटो घ्यावा. मग कालरेषेवर मोकळी वर्षं पाहावीत, कारण तिथे बहुधा नको असलेला माल दडलेला असतो. जहाजाच्या प्रतिकृतीत शिडांपेक्षा पोटाची आडवी काप दाखवली आहे का ते पाहावं, तळाशी काय आणि वर काय. तैलचित्रांपाशी रेंगाळायची गरज नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती चांगल्या हेतूच्या संग्रहालयांनाही गाठते. देवाणीची वही त्या शहरात नसतेच. देजिमाच्या डचांच्या रोजनिशा हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कँटनच्या वखारीचे आणि मुंबई-कलकत्त्याच्या सरकारी व्यापाराचे कागद मोठ्या प्रमाणावर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. तिथे ते कंपनीच्या रचनेप्रमाणे लावलेले, बंदरांप्रमाणे नाहीत. त्यामुळे एका बंदराची एका वर्षाची देवाण जुळवायला तीन-चार मालिका धुंडाळाव्या लागतात. पण आज त्यासाठी मूळ वस्तू उसनी मागायची गरज नाही. लिलावाचं एक पान कलकत्त्याचं, परवान्याचं एक मुंबईचं, खजिन्यात चांदी जमा झाल्याचं एक कँटनचं, चहाच्या विक्रीचं एक लंडनचं: या चार पानांच्या छापील प्रती, वजनांचा एकच तक्ता आणि स्थानिक भाषेतला उतारा एवढं चारही शहरांनी आपापल्या दालनात लावावं. कोणत्याही एका शहराने आपलंच पान गाळलं, तर उरलेल्या तीन ठिकाणी ते दिसत राहील.